खाद्यफेरीची भाषा आणि लोपलेला कर्ता : चिमूरच्या निमित्ताने

परगावी गेलेल्या प्रवाशाने वाटाड्यासह हिंडत तेथील पदार्थ चाखावेत, ही प्रथा गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाली आहे. मुंबई, पुणे, नागपूर ह्या शहरांनाही ती आता नवी नाही. लूसी लाँग ह्या अमेरिकन लोकविद्याभ्यासक बाईंनी १९९८ मध्ये पाकपर्यटनाची संकल्पना मांडली, तेव्हापासून ह्या विषयाचा विचार मुख्यतः अर्थकारण आणि संस्कृती ह्या अंगांनी होत आला. परंतु खाद्यफेरी ही सर्वप्रथम एक बोलली जाणारी संहिता आहे. प्रवासी दोन घास खातो आणि वीस वाक्ये ऐकतो. घासाची चव काय समजावयाची, हेही पुष्कळ अंशी ती वाक्येच ठरवितात. तेव्हा अन्य कोणत्याही संहितेप्रमाणे हिचीही समीक्षा व्हावयास हरकत नाही. येथे त्या समीक्षेची कसोटी म्हणून चिमूर घेतले आहे. नागपूरहून उमरेड-भिसी मार्गाने ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या प्रवाशाला चिमूर वाटेवर लागते. आणि ह्या शंभरेक किलोमीटरांत ताटातील पदार्थांइतकीच त्यांची नावेही पालटतात.

आरंभ नागपुरापासूनच करावा लागतो. तेथील खाद्यफेरीत 'सावजी' हा शब्द टळत नाही. हा शब्द मुळात माणसाचा आहे. हलबा कोष्टी ह्या विणकर समाजातील खानावळवाल्यांना आदराने सावजी म्हणत. आज सावजी हे विशेषण झाले आहे : सावजी मटण, सावजी रस्सा, सावजी मसाला. रांधणाऱ्याचे नाव रश्श्याच्या तिखटपणाचे नाव झाले आणि माग चालविणारा हात त्या शब्दातून निघून गेला. अर्थसंकोच आणि अर्थविस्तार ह्यांची उदाहरणे विद्यार्थी पाठ्यपुस्तकातून घोकतात. हे उदाहरण नागपुरात गल्लोगल्ली पाटीवर लिहिलेले आहे.

'सांबार' ह्या शब्दाची गोष्ट निराळी. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी मागविलेल्या परक्या प्रवाशाच्या मनात दक्षिणेकडील डाळीचे कालवण उभे राहते आणि पुढ्यात कोथिंबिरीचे सारण भरलेली तळलेली वडी येते. कोहळ्याचेही तसेच : पुणेकर ज्याला लाल भोपळा म्हणतो त्याला विदर्भ कोहळे म्हणतो, आणि पुणेकराचा कोहळा म्हणजे पेठ्याचे पांढरे फळ. अशा ठिकाणी वाटाड्या खरोखर उपयोगी पडतो. तो दोन बोलींमधला दुभाष्या होतो, आणि मराठी ही एकच एक भाषा आहे ह्या नागरी समजुतीला खातेवेळी का होईना धक्का बसतो. खाद्यफेरीचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

अडचण येते ती नाम संपून क्रियापद सुरू झाले म्हणजे. ह्या संहितेची ठरावीक वाक्ये अशी असतात : 'ह्याला अमुक म्हणतात', 'हे जंगलातून आणले जाते', 'हा पदार्थ पारंपरिक पद्धतीने बनवला जातो'. पहिल्या वाक्यातील 'म्हणतात' ह्या अनेकवचनी रूपाचा कर्ता अध्याहृत आहे. पुढील दोन वाक्ये शालेय व्याकरणात ज्याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात त्या वळणाची आहेत. 'कडून' लावून येणारा कर्ता येथे गाळता येतो, आणि तो नेमका गाळला जातो. मोरो केशव दामले ह्यांनी १९११ मध्ये शास्त्रीय मराठी व्याकरणात प्रयोगांचा विचार विस्ताराने केला आहे. व्याकरणाला अध्याहृत कर्त्याचे वावडे नाही, हे खरे. पण एकाच संहितेत तो एका विषयापुरता नियमाने गळू लागला, म्हणजे प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

तो एका विषयापुरताच गळतो, हे चिमुरात विशेष स्पष्ट व्हावे. चिमूरचा इतिहास सांगणारा कोणीही १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव कर्त्यासह सांगतो. लोकांनी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. कोणी काय केले, हे तेथे नावानिशी येते. बाजारातल्या अन्नाकडे वळताच मात्र तीच भाषा कर्ता सोडून देते. इतिहास कोणीतरी केला आणि स्वयंपाक आपोआप झाला, अशी ही विभागणी आहे.

'लाखोळी' ह्या डाळीचे उदाहरण घ्यावे. भातपिकाच्या उभ्या ओलीत, कापणीपूर्वीच, पूर्व विदर्भातील शेतकरी ती पेरतो. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ळकाराच्या जागी पुष्कळदा रकार येतो. डोळ्याचा डोरा होतो, तशी लाखोळीची लाखोरी होते. वाटाड्या प्रवाशाशी बोलताना 'लाखोळी' म्हणतो आणि विकणारी 'लाखोरी' म्हणते, एवढ्यावर भाषाभ्यासकाने खूष होण्याचे कारण नाही. ही डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडण्याचा विकार होतो. १९६१ मध्ये मानवी आहारासाठी तिच्या विक्रीवर बंदीचे नियम झाले. पेरणी मात्र थांबली नाही. 'ह्या डाळीचे वडे खमंग लागतात' हे वाक्य खोटे नाही. पण दुष्काळी वर्षी ती कोणाला पोटभर खावी लागली आणि कोणाला ती वड्यापुरती पुरली, हा भेद त्या वाक्यात मावत नाही. क्वचित कर्ता आलाच तर 'पूर्वी गरीब लोक हे खात' असा येतो. काळ भूतकाळ, कर्ता अनामिक, आणि ऐकणारा निश्चिंत.

मोहाच्या बाबतीत हा लोप अधिक जड आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलात रात्रीतून गळतात आणि पहाटे वेचावी लागतात. त्यासाठी झाडाखालचा पाचोळा आधी झाडावा किंवा जाळावा लागतो. मग वेचणे, वाळविणे, साठविणे. पुढे फळे आली की बियांचे तेल काढणे. त्या बियांना टोळी किंवा टोरी म्हणतात. प्रत्येक पायरीला स्वतंत्र क्रियापद आहे आणि त्यातील बहुतेकांचा कर्ता स्त्री आहे. 'मोहफुले गोळा केली जातात' ह्या एका वाक्यात ही सारी क्रियापदे विरघळतात. शिवाय वेचणारीची पहाट आणि जिप्सीतून व्याघ्रदर्शनाला निघालेल्या प्रवाशाची पहाट एकच असते. ज्या वाघासाठी तो पैसे मोजतो, त्याच वाघाच्या भयात ती वाकून फुले वेचते. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोहाचा लाडू हातावर ठेवताना हे सर्व सांगावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि 'वेचतात' ह्या साध्या क्रियापदाला 'बाया' हा कर्ता जोडावयास काही खर्च पडत नाही.

दारूचा उल्लेख तर बहुधा कुजबुजीतच व्हावयाचा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. त्यामुळे मोह हा शब्द वाटाड्याच्या तोंडी कधी पौष्टिक अन्न होतो, कधी डोळा मिचकावून सांगितलेला विनोद. शब्दाचा अर्थ जिल्ह्याच्या हद्दीवर बदलतो, ही अर्थविचाराच्या अभ्यासकाला रंजक गोष्ट आहे. ज्याच्या घरी मडके आहे त्याला ती तितकीशी रंजक नसावी.

वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात येतात. ताडोबाचे गाभाक्षेत्र १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटनाला बंद असते. म्हणजे हंगामी प्रवाशाला ताजे वास्ते बहुधा मिळावयाचेच नाहीत; त्याच्या वाट्याला येतो तो 'येथे वास्ते खातात' हा वर्तमानकाळ. हा काळ महिना सांगत नाही. डीन मॅकॅनेल ह्यांनी १९७३ मध्ये पर्यटनातील 'मांडलेल्या अस्सलते'विषयी लिहिले, ते रंगमंचाच्या उपमेने. मराठीपुरते पाहता ही मांडणी पडद्याने नव्हे तर क्रियापदाच्या काळाने साधते, असे म्हणता येईल.

ह्यावर असा आक्षेप येईल की प्रवासी जेवावयास येतो, व्याकरण शिकावयास नव्हे. आक्षेप रास्त आहे, पण वाटाड्यालाही व्याकरण शिकावयाचे नाही. त्याने फक्त बोलण्याची जागा सोडावयाची आहे. जेथे रांधणारीच वाढते आणि वाढता वाढता बोलते, तेथे 'आम्ही मुंगन्याची भाजी अशी करतो' असे वाक्य सहज येते. प्रथमपुरुषी अनेकवचनाचा तो कर्ता अध्याहृत ठेवूच म्हटले तरी क्रियापदाच्या रूपातून डोकावत राहतो. बोलीच्या नोंदी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हेच पथ्य पाळणे बरे. टाचणावर नुसते 'वास्ते : बांबूचे कोंब' असे न लिहिता कोण तोडते, कोणत्या महिन्यात, तोडल्यावर किती वेळा पाणी बदलून उकळते आणि ह्या प्रत्येक कामाला घरात काय म्हणतात, हे त्याच टाचणावर यावे; आणि त्यासाठी चिमुरास जावयाचे ते जुलै-ऑगस्टात.