टेकणारं पाऊल

जकार्ताच्या गेलोरा बुंग कार्नो स्टेडियममध्ये 29 ऑगस्ट 2018 च्या रात्री स्वप्ना बर्मननं हेप्टॅथलॉनचं, म्हणजे दोन दिवस चालणाऱ्या सात प्रकारांच्या स्पर्धेचं, सुवर्ण जिंकलं. आशियाई खेळांत या प्रकारातलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. सगळ्यांची नजर मात्र तिच्या गालावरच्या पट्टीवर होती. दाढ ठणकत होती म्हणून ती चिकटवलेली. जलपायगुडीचं घर, व्हॅनरिक्षा ओढणारे वडील आणि दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, हे सारं लगोलग छापून आलं. बोटांबद्दल बहुतेकांनी जत्रेतल्या नवलाईच्या सुरात लिहिलं, आणि तो सूर मला तेव्हाही खटकला होता. त्या पायांनी दोन दिवसांत काय काम केलं ते गुणपत्रकात स्वच्छ दिसतं.

एकूण गुण 6026. शंभर मीटर अडथळ्यांत 13.98 सेकंद, चौथी. दोनशे मीटरला 26.08, थेट सातवी. शेवटच्या आठशे मीटरला 2 मिनिटं 21.13 सेकंद, पुन्हा चौथी. नुसतं धावायचं तिथे ती चारचौघींतली. पण उंच उडीत 1.82 मीटर, पहिली. भालाफेकीत 50.63 मीटर, पहिली. लांब उडी आणि गोळाफेकीत दुसरी. या कामगिरीचं मर्म मला इथे सापडतं. वेगानं येऊन, एक पाऊल जमिनीत रोवून सगळा वेग तिथल्या तिथे दुसरीकडे वळवायचा, हे जिथे सर्वांत जास्त लागतं तिथे त्या दोन दिवसांत तिला जोड नव्हती. आणि पावलावर जबर भार येतो तोही नेमका याच कामात.

माणसाच्या पावलात सव्वीस हाडं असतात. टेकताना ती एकमेकांवर थोडी सैल होतात, कमान किंचित दबते, पाऊल आतल्या अंगाला कलतं आणि धक्का पचतो. उचलताना उलटं व्हावं लागतं. टाच वर येते, बोटं मागे वाकतात, तळव्याखालचा जाड पडदा अंगठ्याच्या बुंध्याभोवती विहिरीच्या रहाटावरच्या दोरासारखा ताणला जातो आणि कमान उचलली जाते. सैल पाऊल क्षणात ताठ होतं. जॉन हिक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 1954 मध्ये ही रचना उलगडून दाखवली. सैल होणं आणि ताठ होणं यांची वेळ साधली तर उडी. चुकली तर तळव्याचा पडदा, पोटरीची शीर, नडगीचं हाड यांपैकी कुणीतरी ती किंमत मोजतं.

उंच उडीत ही वेळ साधणं सर्वांत अवघड. धाव वक्राकार असते, शरीर आडव्या बांबूपासून दूर, वळणाच्या आत झुकलेलं असतं आणि शेवटचं पाऊल टाचेवर पडतं. उडी मारणाऱ्याला पाठ बांबूकडे फिरवायची घाई असते, म्हणून पाऊल बांबूला समांतर टेकवायचा मोह होतो. पण शरीराचा वेग तर बांबूच्या दिशेनं चाललेला असतो. मग पाऊल एकीकडे, जोर दुसरीकडे. घोटा आत कोसळतो, आतल्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, आणि कमानीच्या माथ्यावरच्या छोट्या हाडाला हे वर्षानुवर्षं सोसावं लागलं तर त्याला बारीक चीर जाते. चांगला प्रशिक्षक सरावात आधी पायाचा ठसा बघतो, बांबू नंतर.

भालाफेकीत ब्रेक आणखी उघडा असतो. भाला सुटण्याआधी पुढचा पाय सरळ ठेवून टाच जमिनीवर आपटली जाते. धावेचा वेग पायाशी अडतो आणि वरच्या अंगात, तिथून हातात जातो. या क्षणी वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायावर येतो. गुडघा वाकला तर भाला जवळ पडतो. नाही वाकला तर धक्का घोटा, गुडघा, कंबर असा वर चढत जातो.

इथे बुटांचा प्रश्न येतो. उंच उडी आणि भालाफेकीच्या बुटांना टाचेखालीही खिळे असतात, धावण्याच्या स्पाइक्समध्ये ते फक्त चवड्याखाली, गोळाफेकीचा तळ गुळगुळीत. म्हणजे हेप्टॅथलॉनपटूला बुटांचे अनेक जोड लागतात, आणि ते सगळे पाच बोटांच्या साच्यावर बेतलेले. सहा बोटांचा चवडा रुंद असतो. तो अरुंद बुटात कोंबला की बोटं दबतात, दुखरी कड टाळायला पाऊल नकळत तिरकं टेकतं, आणि वर सांगितलेली वेळ बिघडते. स्वप्ना तशाच बुटांत खेळली. जिंकल्यावर तिनं आपल्या पायांना बसणारे बूट मागितले, आणि पुढे आदिदासनं मापं घेऊन ते बनवले.

तिला घोट्याची, गुडघ्याची, पाठीची दुखणीही होती. त्यांचं खापर मात्र बोटांवर फोडू नये. पायाच्या आकारावरून दुखापतीचं भाकीत करणं दिसतं तितकं सोपं नाही. सपाट तळवे म्हणजे अपात्र, हा सैन्यभरतीतला जुना समज. अमेरिकी पायदळाच्या प्रशिक्षणार्थींवरच्या 1993 च्या अभ्यासात उलटंच निघालं: सपाट तळवेवाल्यांना दुखापतीचा धोका सर्वांत कमी होता. पुढे अमेरिकी सैन्यानं कमानीचा आकार पाहून बूट वाटून पाहिले, त्यानंही दुखापती कमी झाल्या नाहीत. एकटा आकार दोषी नसतो. आकार, बूट, सरावाचा भार आणि टेकण्याचा कोन हे एकत्र बघावे लागतात. बुटांच्या दुकानात ओल्या पावलाचा ठसा बघून दिलेला सल्ला मी तरी फार मनावर घेत नाही.

पुढे 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत स्वप्नाचं पदक थोडक्यात हुकलं; तिला 5708 गुण मिळाले. कांस्यपदक भारताच्याच नंदिनी अगसराला, 5712 वर. चार गुण म्हणजे उंच उडीत एक सेंटिमीटरही नाही.

जकार्ताची चित्रफीत पाहायला मिळाली तर आठशे मीटरपासून सुरुवात करू नका, तिथे फक्त जिद्द दिसेल. उंच उडी आणि भालाफेक बघा, शक्य असेल तर गती कमी करून, आणि शेवटचं पाऊल टेकतं तिथे नजर ठेवा. तिच्या खेळाचा खरा आनंद त्या दोन पावलांत आहे.