तिघांची यादी

‘व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग’ हे शब्द उच्चारले की आपल्याकडील पुरोगामी मंडळींचे चेहरे उजळतात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ घटनेत आले आणि या शब्दांना मार्गदर्शक तत्त्वाची प्रतिष्ठा लाभली. १९९० साली राज्यसभेत विधेयकही आले. कायदा काही झाला नाही. खाजगी कंपनीच्या संचालक मंडळावर कामगाराला बसविण्याची सक्ती या देशात आजही नाही. ती तरतूद ठळकपणे दिसते ती राष्ट्रीयीकृत बँकांत. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९७० च्या कायद्याने प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळावर कामगारांतून एक संचालक घेण्याचे ठरले. मला या एका खुर्चीविषयी लिहायचे आहे. तिच्यावर बसणारा माणूस कोणाचा, हा प्रश्न आपल्या चळवळीने फार पूर्वी विचारला होता. कामगार चळवळीने तो अजून नीट ऐकलेलाही नाही.

निवडीची रीत पाहा. बँकेतील सर्वांत मोठ्या, प्रातिनिधिक ठरलेल्या युनियनने तीन कर्मचाऱ्यांची यादी केंद्र सरकारकडे पाठवायची. त्या तिघांतून एकाची नेमणूक सरकारने करायची. मुदत तीन वर्षांची. म्हणजे कामगाराचा प्रतिनिधी कोण, यावर अखेरचा शिक्का कोणाचा? बँकेची मालकी ज्याच्या हाती, त्याच सरकारचा!

पुणे करार ज्यांनी वाचला आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. १९३२ च्या त्या करारात राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावयाचे होते आणि त्या चौघांतून एकाला संयुक्त मतदारसंघाने निवडून द्यावयाचे होते. यादी आमची, निवड त्यांची. चौघांत तीन ताठ कण्याचे आणि एक वाकणारा असेल, तर बहुसंख्य स्पृश्य मतदार कोणाला उचलतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. बाबासाहेबांनी पुढे या व्यवस्थेवर जी टीका केली तिचे सार इतकेच की, अखेरची निवड ज्याच्या हाती, प्रतिनिधी त्याचा. बँकेच्या बाबतीत चौघांचे तिघे झाले आणि मतदाराच्या जागी सरकार आले. तत्त्व तेच राहिले.

यावर आमचे डावे मित्र म्हणतील, ‘मग सरकारचा हात काढा, युनियनला थेट निवडू द्या, प्रश्न मिटला.’ मला तो मिटलेला दिसत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला हात लावायची सवर्ण कामगारांची तयारी नव्हती. विणकराची मजुरी चांगली. आमच्या माणसांच्या वाट्याला आले ते कमी मजुरीचे काम. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनला बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला नाहीत, तर त्यांना संपापासून दूर राहण्यास मी सांगेन. तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी यादीत घुसली. मालकांसमोर ती ठेवताच मालक उत्तरले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकांनाही खरे बोलण्याची संधी क्वचित मिळते. ती त्यांना युनियनने दिली.

त्या काळी गिरणीच्या संचालक मंडळावर युनियनचा एखादा पुढारी बसला असता, तर त्याने साचेखात्याचा विषय काढला असता काय? संपाच्या धामधुमीतही जो विषय दटावून घ्यावा लागला, तो बंद दाराआड आपणहून कोण काढणार? भांडवलदार आणि कामगार एवढे दोनच पक्ष मोजणारा हिशेब इथे चुकतो. १९३८ साली मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंची नावे एका दमात घेतली, ती उगाच नव्हे.

माझे वडील एका बँकेच्या शाखेत अर्धवेळ सफाई कामगार होते. पगार पूर्ण श्रेणीच्या एक तृतीयांश. युनियनची वर्गणी मात्र ते नेमाने भरत. एकदा कामगार संचालक गावी आले, सत्कार झाला. सतरंज्या वडिलांनी घातल्या, भाषण मागे उभे राहून ऐकले. भाषणात संगणकीकरण होते, बदल्यांचे धोरण होते, पेन्शन होती. अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळ कधी करणार, हे नव्हते. त्या संचालकांना मी दुष्ट म्हणणार नाही. ते कॅशच्या काउंटरवरून आले होते आणि काउंटरवरून झाडूचा कोपरा दिसत नाही. आज तर तो कोपराही बँकेचा राहिलेला नाही. झाडणारा, पहारा देणारा, एटीएम सांभाळणारा ठिकठिकाणी कंत्राटदाराचा माणूस झाला आहे. तो कायद्याने बँकेचा कर्मचारीच नाही. म्हणून तिघांच्या यादीत तो कधीही असणार नाही.

खुर्चीवर बसल्यावर काय होते, तेही पाहिले पाहिजे. संचालकाला आधी निष्ठेचे आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. बुडीत कर्ज कोणाचे, ते कोणाच्या शब्दावर दिले, हे त्याला समजते. पण ज्यांनी त्याला पाठविले त्यांना तो सांगू शकत नाही. लोकांपासून तोडलेला प्रतिनिधी हळूहळू सभागृहाचाच होतो.

जर्मनीचे उदाहरण आपल्याकडे फार भक्तिभावाने दिले जाते. तेथे १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांना मिळाल्या. ही मोठीच मजल आहे. परंतु मते समसमान पडली, तर फेरमतदानात अध्यक्षाला दुसरे मत असते, आणि एकमत न झाल्यास अध्यक्ष भागधारकांच्या बाजूचा होतो. निम्म्यातही कोणाचे निम्मे जड, हे कायद्यानेच ठरवून ठेवले आहे. तरीही तेथील कामगार आपले प्रतिनिधी मताने निवडतात, हा फरक लहान नव्हे.

मग ही खुर्ची सोडून द्यावी काय? मुळीच नाही. २०१४ नंतर अनेक बँकांत ती वर्षानुवर्षे रिकामी राहिली. ती रिकामी ठेवण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांना तिची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळलेली दिसते. कर्जाच्या प्रस्तावावर, शाखा बंद करण्याच्या ठरावावर एक जरी माणूस आपला विरोध इतिवृत्तात नोंदवू शकला, तरी ती नोंद पुढे उपयोगी पडते.

माझे म्हणणे बँकांतील अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचारी संघटनांना आहे. व्यवस्थापन त्यांना अधूनमधून चर्चेला बोलावते. वेतनकराराच्या टेबलावर त्यांना जागा नाही आणि तिघांची यादीही त्यांना पाठविता येत नाही. त्यांची सारी शक्ती रोस्टर, बढती आणि अनुशेष यांत खर्च होते. ती लढाई आवश्यकच आहे. पण कामगार संचालक गुप्त मतदानाने निवडावा, अर्धवेळ आणि कंत्राटी सफाई कामगारांना त्यात मत असावे, आणि मतदारांना त्याला परत बोलावता यावे, ही मागणी त्यांनी आपल्या ठरावांत आणली पाहिजे. प्रातिनिधिक युनियनचे पुढारी तिला विरोध करतील. तो विरोध त्यांनी उघड सभेत, सतरंजी घालणाऱ्यांच्या देखत करावा, एवढे तरी आपण घडवून आणू शकतो.