जेव्हा माणूस जागा होतो

गोदावरी परुळेकर (१९०७–९६) यांचा अनुभवकथनपर मराठी ग्रंथ (१९७०). त्यास १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारली आदिवासींचा जमीनदारांविरुद्धचा लढा हा त्याचा विषय होय.

या भागात जमिनीची मालकी मुख्यतः कर्जाच्या मार्गाने आदिवासींकडून बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांकडे गेली. मालक आणि कुळे एकाच परिसरात राहत. तथापि त्यांची भाषा, धर्म व आचार भिन्न होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी मालकाकडे राबणारा ‘लग्नगडी’, विनामोबदला करावी लागणारी वेठ आणि मारहाण ही या संबंधाची नित्याची रूपे होती. मध्य रेल्वेवर वाशिंदच्या अलीकडे असलेल्या टिटवाळा येथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यास काही वारली उपस्थित होते. त्यानंतर मे महिन्यात झरी येथील सभेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात वारली मृत्युमुखी पडले.

केवळ अत्याचारांची नोंद करणे हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य नव्हे. मालकाची सत्ता कायद्यापेक्षा कुळांच्या भयावर उभी होती, हे त्यातून स्पष्ट होते. भय ओसरताच पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ अल्पावधीत संपुष्टात येते. शीर्षकातील जागृती ही प्रथम स्वाभिमानाची आहे. मजुरीची मागणी तिच्यामागून येते.

ग्रंथाच्या मर्यादाही येथेच दिसतात. रशियन लेखक तुर्ग्येन्येव्ह याने आपल्या कथांतून (१८५२) भूदासांचे जीवन रंगविले. तो स्वतः जमीनदार कुळातील असल्याने वाड्यातील माणसांची मनेही त्याला उलगडता आली. परुळेकरांच्या कथनात वाडा अंगणातूनच दिसतो. शेजारी राबणाऱ्या माणसाला माणूस न मानण्याची सवय मालकाच्या मनात कशी रुजते, याचा शोध त्यात फारसा नाही. तसेच वारल्यांची व्यथा वाचकापर्यंत पोहोचते ती पुण्यात वाढलेल्या, सुशिक्षित कार्यकर्तीच्या मराठीतून. मात्र मालकांची बाजू मांडण्यास कचेऱ्या व न्यायालये होती. कुळांची बाजू मांडणारे लेखन अत्यल्प होते. हे लक्षात घेता ग्रंथाचा एकपक्षीपणा हा दोष कमी व त्याचे प्रयोजन अधिक ठरतो. मराठी अनुभवकथनात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.