एक्कावन्न नंबरचा क्लब, एकसष्ट नंबरचा खटला

मँचेस्टरच्या ‘फॅक्टरी रेकॉर्ड्‌स’नं गाणी थोर काढली, पण मला तिची सूचीच जास्त वाचावीशी वाटते. टीव्हीवरचा निवेदक टोनी विल्सन आणि नट अ‍ॅलन इरॅस्मस यांनी १९७८मध्ये हा खटाटोप मांडला. कचेरी इरॅस्मसच्या फ्लॅटमध्येच.

सूचीतली ‘फॅक १’ ही रेकॉर्ड नाहीच, ते एक पोस्टर आहे. कान जपा म्हणून बजावणारी एक औद्योगिक पाटी डिझायनर पीटर सॅव्हिलनं उचलली, तिच्याभोवती पोस्टर रचलं आणि ज्या कार्यक्रमाची ती जाहिरात होती तो सुरू झाल्यावर आणून दिलं. जाहिरात म्हणून त्याचा उपयोग संपला होता, तरी पहिला मान त्यालाच.

पुढं रेकॉर्डांच्या मधेमधे भलतंच काही येत राहतं. ५१ म्हणजे कंपनीचा हासिएंडा हा नाइटक्लब. ९९ म्हणजे भागीदार रॉब ग्रेटनच्या दातांचं बिल. १९१ म्हणजे क्लबातली मांजर. (संच पुरा करू पाहणाऱ्या संग्राहकांची पंचाईत बघा!) नुसता चावटपणा असता तर चार नोंदींत कंटाळा आला असता. तो येत नाही, याचं श्रेय ६१ला. जॉय डिव्हिजन या बँडच्या गाण्यांतला तो पोकळ, गारठलेला अवकाश ज्यानं घडवला, तो निर्माता मार्टिन हॅनेट कंपनीचाच भागीदार. पैसा क्लबात ओतण्याऐवजी स्टुडिओची यंत्रं घ्यावीत, हे त्याचं म्हणणं. ते कुणी ऐकेना, तेव्हा तो कोर्टात गेला. कंपनीनं त्याच्या दाव्यालाच नंबर देऊन टाकला. आपल्यावरची फिर्याद आपल्याच कामांच्या रांगेत बसवायची, यात उद्धटपणा आहे, आणि भांडणसुद्धा आपण मिळून केलेलं काम आहे अशी कबुलीही. विल्सन २००७मध्ये गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला ५०१ दिला. ती नोंद मला जरा ठरवून केल्यासारखी वाटते. ६१चा डंख तिच्यात नाही.

७३ मात्र अस्सल रेकॉर्ड: न्यू ऑर्डरचं १९८३चं ‘ब्लू मंडे’. सॅव्हिलनं कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं केलं, त्याला भोकं पाडली. दर्शनी बाजूला ना बँडचं नाव ना गाण्याचं. माहिती सगळी रंगीत पट्ट्यांच्या संकेतात. हे कव्हर इतकं महाग पडे की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागं तोटा व्हायचा, असं सांगतात. तोट्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण दुकानात नावाशिवाय पडलेलं ते काळं पाकीट लोकांनी अफाट संख्येनं उचललं, हे खरं.

हिशेबही असाच दिलदार होता: नफा संगीतकारांशी निम्मा-निम्मा. संगीताची मालकी संगीतकारांची, कंपनीची कशावरच नाही, असा एक कागदही विल्सननं करून ठेवला होता. १९९२मध्ये कर्जात बुडालेली फॅक्टरी विकत घ्यायला ‘लंडन रेकॉर्ड्‌स’ आली आणि हा कागद समोर आला. विकण्यासारखं कंपनीकडं फारसं नव्हतंच. सौदा फिसकटला, नोव्हेंबरात फॅक्टरी बंद पडली आणि लंडननं न्यू ऑर्डरशी परस्पर करार केला.