गहाण वस्तू : धनको आणि ऋणको यांच्यामधली

कर्जाच्या कथनांकडे पाहताना मराठी समीक्षेचे लक्ष बहुधा दोन व्यक्तींवर खिळलेले असते. एकीकडे सावकार, दुसरीकडे कुणबी. एक पिळणारा, दुसरा पिळला जाणारा. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये काढलेला ‘सावकारी पाश’ हा मूकपट असो की ग्रामीण कादंबरीची त्यानंतरची परंपरा असो, चर्चा या द्वंद्वापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शोषणाचे सामाजिक सत्य या वाचनात पकडले जाते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गहाणाच्या व्यवहारात तिसराही एक घटक असतो आणि तो म्हणजे वस्तू. ती सावकाराच्या पेटीत मुकाट पडून असते, म्हणून समीक्षकही तिच्याविषयी मुके राहतात. तिला वाचनाच्या केंद्रस्थानी आणले, तर ऋणको म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते त्या पुरुषाची जागाही डळमळू लागते.

विक्री आणि गहाण यांतील अंतर भाषेला नेमके ठाऊक आहे. गहाण ‘ठेवतात’ किंवा ‘टाकतात’, मग ‘सोडवतात’. मुदतीत सोडवले नाही तर ते ‘बुडते’. सोडवणे हे क्रियापद बंदिवानाच्या संदर्भातले आहे. विकलेली वस्तू फार तर परत विकत घेता येते, ती सोडवता येत नाही. लाक्षणिक प्रयोग अधिक बोलके आहेत. एखाद्याने अक्कल गहाण ठेवली असे म्हणतात, विकली असे म्हणत नाहीत. इमान मात्र सर्रास विकले जाते. अक्कल केव्हातरी परत येईल अशी आशा भाषेने राखून ठेवली आहे, इमानाच्या बाबतीत तिला तेवढा भरवसा वाटत नाही. ‘गहाण’ हा शब्द ‘ग्रहण’ या शब्दाशी नाते सांगतो, आणि ग्रहण लागते तसे सुटतेही.

धर्मशास्त्रात गहाणाला ‘आधी’ अशी संज्ञा आहे. याज्ञवल्क्यस्मृती त्याचे दोन प्रकार मानते: नुसता जपून ठेवायचा तो गोप्य आणि ज्याचे फळ धनकोने भोगायचे तो भोग्य. शेतजमिनीच्या व्यवहारातील नजरगहाण आणि ताबेगहाण हा भेद निराळा आहे. तेथे प्रश्न ताबा देण्या-न देण्याचा असतो. गोप्य आधी धनकोने वापरला तर त्याचे व्याज बुडते, असे स्मृती सांगते. मुद्दलाइतके व्याज चढून रक्कम दुप्पट झाली आणि तरीही सोडवणूक झाली नाही, तर मात्र आधीवरचा धन्याचा हक्क संपतो. म्हणजे तोवर ज्याच्यापाशी वस्तू आहे त्याला ती वापरता येत नाही आणि ज्याची ती आहे त्याच्यापाशी ती नाही. स्वामित्व आणि ताबा यांची ही फारकत हेच गहाणकथेचे खरे आशयसूत्र होय. वस्तू कोणाची, हा एरवी न विचारला जाणारा प्रश्न येथे उघडा पडतो.

देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकाला सुपरिचित असलेले ‘मृच्छकटिक’ या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वसंतसेनेने चारुदत्ताकडे दागिने ठेवले ते गहाण म्हणून नव्हे, न्यास म्हणून. कर्जाचा येथे संबंध नाही. तरीही परत येण्याचे निमित्त म्हणून वस्तू मागे ठेवणे, ही कल्पना दोहोंत समान आहे. शर्विलक घर फोडून न्यास पळवतो आणि चारुदत्ताची अब्रू पणाला लागते. ती राखली जाते कशाने? त्याच्या पत्नीला, धूतेला, माहेरहून मिळालेल्या रत्नमालेने. व्रताच्या दानाचे निमित्त करून ती ही माला मैत्रेयाच्या हाती देते. चारुदत्त खंतावतो तो स्त्रीच्या धनावर निभावण्याची पाळी आली म्हणून. आणि वसंतसेनेला निरोप धाडतो तो असा, की तुझे दागिने आपलेच समजून आपण द्यूतात हरलो. नायकाच्या औदार्याचे कौतुक समीक्षेने पुष्कळ केले आहे. त्या औदार्याचे मोल धूतेच्या गळ्यातून आले, याची नोंद फारशी नाही.

हा योगायोग नव्हे. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी किंवा बंधन अशा प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याची त्याच्यावर सक्ती नाही, असे याज्ञवल्क्यच सांगतो. म्हणजे सावकाराकडे ठेवलेला दागिना सोडवण्याची चिंता पतीला करावी लागते; पत्नीकडून घेतलेला दागिना तिला परत करण्याची चिंता त्याने केली नाही तरी चालते. एकाच पाटलीवर अशी दोन ऋणे असतात आणि खतावर त्यांतले एकच चढते. सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न, स्वतःला आधी हरलेल्याला दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला, हा याच जातीचा आहे. प्रेमचंदांच्या ‘गबन’ (१९३१) मध्ये रमानाथ सराफाचे देणे भागवण्यासाठी बायकोच्या दागिन्यांची पेटी रात्री चोरून उचलतो. तेथे निदान या कृतीला चोरी म्हणण्याचे धैर्य कादंबरीकाराने दाखवले आहे.

आता रशियाकडे वळणे भाग आहे, कारण गहाण वस्तूचा एवढा बारकाईने विचार दस्तयेव्हस्कीइतका क्वचितच कोणी केला असेल. ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) शिकवताना-शिकताना रास्कोल्निकोव्हच्या तत्त्वज्ञानात सारे इतके रमतात, की घड्याळाचा हिशेब वाचायचा राहून जातो. वडिलांचे चांदीचे घड्याळ त्याने दीड रुबलवर ठेवले. रुबलला महिन्याला दहा कोपेक व्याज, तेही आगाऊ. म्हणून पंधरा कोपेक आणि आधीच्या अंगठीवरच्या दोन रुबलांचे वीस कोपेक वजा जाता हाती पडतात एक रुबल पंधरा कोपेक. ती अंगठी बहिणीने निरोपाच्या वेळी दिलेली. पुढे खून करायला जाताना तो जे गहाण नेतो ते खोटे असते: लाकडाचा तुकडा आणि लोखंडाची पट्टी, गाठ लवकर सुटू नये अशी बांधलेली. चोरलेला ऐवज तो दगडाखाली लपवतो, मोजतसुद्धा नाही. आणि तपास अधिकाऱ्याकडे त्याला स्वतःहून जावे लागते ते घड्याळ आणि अंगठी यांच्यावर हक्क सांगण्यासाठी. म्हातारीने त्या एका कागदात गुंडाळून वर त्याचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवलेली असते. ज्या बाईला तो समाजाच्या अंगावरची निरुपयोगी ऊ समजला, तिनेच त्याच्या वस्तूची ओळख सांभाळली होती.

या कादंबरीनंतर नऊ वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. सावकारांच्या जिवावर उठण्याऐवजी त्यांनी खते आणि दस्तऐवज मागितले, मिळाले तेथे जाळले; माणसांवरची हिंसा तुलनेने अत्यल्प होती. शोषण व्यक्तीत नसून कागदात आहे, हे त्यांना पीटर्सबर्गच्या त्या विद्यार्थ्यापेक्षा स्वच्छ कळले होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली ती या कळण्यानंतरच. पण खत जाळणे आणि दागिना परत मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत; दुसरीविषयी इतिहासलेखन फारसे बोलत नाही.

दस्तयेव्हस्कीची ‘क्रोत्काया’ (१८७६) ही दीर्घकथा या विषयापुरती ‘गुन्हा आणि शिक्षा’हून सरस ठरते. येथे निवेदकच गहाण ठेवून घेणारा आहे. एक पोरकी मुलगी घरातली जुनी मूर्तिप्रतिमा घेऊन येते. मेरी आणि बालक, चांदीच्या कोंदणात. तो सुचवतो, कोंदण काढून घेतो, प्रतिमा परत ने. म्हणजे वजनाचे तेवढे ठेवू, पूजेचे तेवढे तू ठेव. असा विभाग होत नाही, हे दोघांनाही उमगते आणि तो अखंड प्रतिमा आपल्या देव्हाऱ्यात दिव्याखाली ठेवतो. तो दहा रुबल देऊ करतो, ती पाचच मागते, कारण तिला ती सोडवायची आहे. पुढे तो तिच्याशीच लग्न करतो. आणि शेवटी ती खिडकीतून उडी घेते तेव्हा तीच प्रतिमा तिने छातीशी धरलेली असते. गहाण सुटते, पण पावतीवर नव्हे.

कोंदण आणि प्रतिमा यांचा हा पेच आजच्या व्यवहारातही जसाच्या तसा आहे. सोनेतारण कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सोन्याची वीट वा लगड चालत नाही. दागिने लागतात, किंवा मर्यादित वजनापर्यंत नाणी. मूल्य ठरवताना मात्र खडे आणि घडणावळ वगळून निव्वळ सोन्याचे वजन आणि कस पाहिला जातो. दागिना म्हणून तो स्वीकारायचा आणि धातू म्हणून मोजायचा, अशी ही रीत आहे. कर्ज थकल्यावर वृत्तपत्रांत लिलावाच्या जाहिराती येतात; त्यांत खातेक्रमांकांच्या लांबच लांब रांगा असतात. त्या क्रमांकांपैकी पाटली कोणती, मोहनमाळ कोणती आणि ती मुळात कोणाच्या अंगावरची, हे त्यांतून कळत नाही. म्हातारीच्या कागदावर निदान नाव होते.