पूर्वपक्षाचा शोध : मुक्ता साळवे यांचा निबंध आणि निबंधाचे शिक्षण

१

मराठी शाळांतून निबंधलेखन शिकविताना निबंधाचे वर्णनात्मक, कथनात्मक, आत्मवृत्तात्मक, कल्पनाप्रधान आणि वैचारिक असे प्रकार पाडण्याचा प्रघात आहे. यांपैकी पहिल्या चार प्रकारांत विद्यार्थ्यापुढे निदान एखादे दृश्य, प्रसंग किंवा कल्पना असते. वैचारिक निबंधात मात्र त्याच्यापुढे केवळ विषय असतो. ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा या प्रकारातील पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विषय. त्याची मांडणीही ठरून गेलेली आहे. प्रारंभी एखादे सुभाषित, मग वरदानाचे दोन परिच्छेद, शापाचा एक, आणि अखेरीस सर्व काही माणसाच्या विवेकावर अवलंबून आहे असा समेट. या मांडणीत दोन बाजू असतात, परंतु दोन पक्ष नसतात. कोणी काही म्हटले आहे, ते आपल्याला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे कारणांसह सांगायचे आहे, ही वैचारिक लेखनाची मूळ निकडच तिच्यात नसते. त्यामुळे विद्यार्थी वाद करायला शिकण्याऐवजी कधी सुरूच न झालेला वाद मिटवायला शिकतो.

या परिस्थितीचा दोष केवळ परीक्षापद्धतीवर किंवा बाजारातील मार्गदर्शकांवर टाकून भागणार नाही. मराठी समीक्षेनेही निबंधाचा विचार करताना दोनच टोकांकडे लक्ष दिले. एक टोक विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाचे ८४ अंक निघाले, आणि मराठी निबंधाचा इतिहास बहुधा तेथूनच सांगितला गेला. दुसरे टोक फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाचे आणि पुढे ललित निबंधाचे. पहिल्या टोकाशी शैलीचा प्रभाव महत्त्वाचा ठरला, दुसऱ्या टोकाशी लेखकाचे व्यक्तिमत्त्व. युक्तिवाद कसा उभा राहतो, तो कोणाला उद्देशून असतो आणि तो करायला माणूस कसा शिकतो, हे प्रश्न या दोहोंच्या मध्ये राहून गेले. त्यांचा विचार करण्यासाठी ‘निबंधमाले’च्या १९ वर्षे आधी प्रसिद्ध झालेल्या एका विद्यार्थिनीच्या निबंधाकडे वळणे उपयुक्त ठरेल.

२

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग जातीत जन्मलेल्या, सुमारे १४ वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे हे पत्र १८४२ पासून निघत होते. निबंधाच्या आरंभीच लेखिका आपल्या लेखनाला निबंध म्हणते, ही बाब साधी वाटली तरी महत्त्वाची आहे.

‘निबंध’ हा शब्द त्या काळी नवा नव्हता. धर्मशास्त्राच्या परंपरेत स्मृतिवचने एकत्र करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांना निबंध म्हणत. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) हा त्यांतील विख्यात ग्रंथ. कोणते कर्म कोणी करावे आणि कोणाला कशाचा अधिकार आहे, हे ठरविणे हे अशा निबंधांचे प्रयोजन होते. याच कमलाकरभट्टाने ‘शूद्रकमलाकर’ लिहून शूद्रांच्या धर्मकृत्यांची मर्यादा आखून दिली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ‘एसे’साठी मराठीने हाच शब्द स्वीकारला. परिणामी ज्या शब्दाने अधिकाराचा निर्णय दिला जात होता, त्याच शब्दाखाली त्या निर्णयाने सर्वांत बाहेर ठेवलेली एक मुलगी अधिकाराचाच प्रश्न विचारू लागली. लेखिकेला या शब्दाचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु संहितेचा अर्थ लेखकाच्या जाणिवेपुरता मर्यादित नसतो. या निबंधाचा विषय अधिकार हा आहे, आणि तो नेमका या शब्दाच्या जुन्या अर्थक्षेत्रातील आहे.

३

निबंधाची सुरुवात ईश्वरस्मरणाने होते. ज्याने मांग-महारांना निर्माण केले त्यानेच ब्राह्मणांनाही निर्माण केले, असे लेखिका सांगते. वरवर पाहता हा प्रार्थनेचा रिवाज आहे. परंतु पुढचा सर्व युक्तिवाद याच विधानावर उभा असल्याने त्याला गृहीतकाचे स्थान आहे.

यानंतर लेखिका प्रतिपक्षाकडे वळते. वेदाच्या आधाराने आमचा द्वेष करणाऱ्यांचे खंडन करावे असा तिचा विचार आहे. परंतु खंडन करायचे तर वेद पाहिले पाहिजेत, आणि ते पाहण्याचा अधिकार तर केवळ आमचा आहे असे प्रतिपक्ष म्हणतो. म्हणजे वादाच्या आरंभीच वादाची वाट बंद आहे. येथे एखादा अननुभवी लेखक अन्यायाची तक्रार करून थांबला असता. मुक्ता तसे करीत नाही. ती प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करते. वेद ब्राह्मणांचेच आहेत असे मानले, तर वेदांप्रमाणे वागणे हा ब्राह्मणांचा धर्म ठरतो. आम्हाला तो ग्रंथ पाहण्याचीही मोकळीक नाही, तेव्हा आमचा कोणताही धर्मग्रंथ नाही. ज्यांना धर्मग्रंथ नाही ते धर्मरहित ठरतात. आणि जे धर्मरहित आहेत त्यांना या धर्माच्या नियमांनी नीच ठरविण्याचा आधार कोणता उरतो, हा प्रश्न वाचकापुढे आपोआप उभा राहतो. हा शेवटचा दुवा लेखिका उघड मांडत नाही. ती ईश्वरालाच विचारते की, तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता ते कळव.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत या रीतीला नाव आहे. प्रतिपक्षाचे मत तपासणीपुरते स्वीकारून त्यातून त्यालाच अनिष्ट वाटेल असा निष्कर्ष काढणे, म्हणजे तर्क. न्यायसूत्रे तर्काला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत. प्रमाणाला साहाय्य करणारे साधन मानतात. मुक्ताच्या निबंधातही तर्काचे कार्य हेच आहे. तो वेदांविषयी काहीच सिद्ध करीत नाही. बहिष्कार आणि नियंत्रण ही दोन्ही एकाच आधाराने एकाच वेळी चालवता येत नाहीत, एवढेच तो दाखवितो. परंतु तेवढ्याने बंद वाट उघडते. ज्याला पूर्वपक्ष वाचूही दिला जात नाही त्याने वाद कसा करावा, या अडचणीला तिने दिलेले उत्तर असे की, वाचू न देणे हाच पूर्वपक्ष धरावा.

ज्या धर्माचा लाभ एकानेच घ्यावा आणि इतरांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असे लेखिका यानंतर म्हणते. हे वाक्य आज पुष्कळ उद्‌धृत होते, परंतु बहुधा एकटेच. एकटे वाचले म्हणजे ते संतापाचे उद्गार वाटते. निबंधात मात्र ते निगमनाच्या जागी आले आहे. आधीच्या पायऱ्या वगळल्या तर त्याचे बळ निम्मे होते.

४

निबंधाचा उर्वरित भाग पुराव्यांचा आहे. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानतात. या निबंधात ही चारही आढळतात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. अनुमानाचा विचार वर झालाच. उपमानाचे उदाहरण गाढवाचे आहे. लंगड्या गाढवाला कोणी मारले तर त्याचा धनी जाब विचारतो. मांग-महारांना मारू नका असे म्हणणारा कोण होता, असे लेखिका विचारते. ही तुलना केवळ हीनत्व दाखवीत नाही, तर संरक्षण हे मालकीतून येते आणि माणूस म्हणून या माणसांना कोणतेच संरक्षण नव्हते, हे दाखविते.

पेशवाईतील छळाच्या हकीकती, तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचा होणारा शिरच्छेद किंवा इमारतींच्या पायात माणसे पुरणे, या लेखिकेने पाहिलेल्या नाहीत. पेशवाई १८१८ मध्ये संपली होती. त्या तिने ऐकलेल्या आहेत, म्हणजे त्यांची जागा शब्दप्रमाणाची आहे. येथे एक मूलगामी अदलाबदल घडते. प्रतिपक्षाचे शब्दप्रमाण वेद आहे; या निबंधाचे शब्दप्रमाण वस्तीतील वडीलधाऱ्यांची आठवण आहे. यावर आक्षेप घेण्यापूर्वी न्यायभाष्यकार वात्स्यायनाचे मत लक्षात घ्यावे लागेल. विषय स्वतः जाणून तो यथार्थ सांगू इच्छिणारा तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे तो मानतो. परंपरेच्या तत्त्वविचारात असलेली ही मोकळीक तिच्या समाजव्यवहाराने कधी अमलात आणली नाही. या निबंधाने ती नकळत वापरली.

प्रत्यक्षाचा भाग सर्वांत थोडा, परंतु सर्वांत प्रभावी आहे. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून डोके फोडले तरी मांग-महारांची मुले फिर्याद करीत नाहीत, कारण त्याच घरांकडे उष्टे मागायला जावे लागते. मूकपणाचे असे आर्थिक स्पष्टीकरण त्या काळच्या मराठी गद्यात विरळा आहे. पुढे लेखिका पंडितांना आपले पांडित्य बाजूला ठेवायला सांगते आणि बाळंतिणींविषयी लिहिते. घरावर छप्पर नाही, थंडी-पाऊस-वारा आहे, आजार झाला तर वैद्यासाठी पैसा नाही. येथे ती वाचकाला दया करायला सांगत नाही. याचा विचार तुमच्या स्वतःच्या अनुभवावरून करा, असे सांगते. वेद एकाचा असू शकतो, बाळंतपण कोणा एकाचे नसते. दोन्ही पक्षांना समान असलेली भूमी तिला येथे सापडली आहे, आणि अशा भूमीवाचून वाद होत नाही.

५

हा निबंध त्या मुलीचाच कशावरून, अशी शंका घेता येते. वेदाधिकाराचा युक्तिवाद फुले यांचा असेल, ईश्वरविषयक भाषा मिशनऱ्यांच्या पत्राला साजेशी आहे, असे म्हणता येईल. या शंकेत तथ्य नाही असे नाही. त्याच १८५५ मध्ये फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात जोशी, कुणबी स्त्री, पाद्री आणि विदूषक यांच्या संवादांतून अशीच उलटतपासणी चालते. गुरू आणि विद्यार्थिनी एकाच वातावरणात विचार करीत होते हे उघड आहे. परंतु विद्यार्थ्याच्या लेखनात गुरूचा हात दिसणे हा शिकण्याचा पुरावा आहे, न शिकण्याचा नव्हे. महत्त्वाचे आहे ते, मिळालेल्या युक्तिवादाला लेखिकेने कोणता आशय दिला. उष्ट्यासाठी गिळलेली फिर्याद आणि बिनछपराचे बाळंतपण हे तिचे देणे आहे, आणि त्याशिवाय वेदाधिकाराची चर्चा शास्त्रार्थापुरती राहिली असती.

निबंधाची मर्यादाही नोंदवावी लागेल. इंग्रज सरकारच्या निःपक्षपाताची स्तुती जेथे येते तेथे युक्तिवाद सैल पडतो. ब्राह्मणांना विचारलेले प्रश्न सरकारला विचारले जात नाहीत. फिर्याद नेणे शक्य असूनही मुले ती का नेत नाहीत, हे लेखिकेने स्वतःच सांगितले आहे. मग न्यायाचे दार उघडे असणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न तिच्याच पुराव्यातून निघतो, पण ती तो काढीत नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेशी तिच्या धर्मविषयक प्रश्नाचे नाते जोडून तिचा पूर्वसूरी म्हणून गौरव करताना ही मर्यादा झाकली जाते, आणि तिच्याबरोबर तिचा युक्तिवादही वाचायचा राहून जातो.

६

ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हेही सुरतेतील विजयालक्ष्मी खटल्यानंतर स्त्रियांवर झालेल्या टीकेला दिलेले उत्तर आहे. ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले. मुक्ताचा निबंध १९९१ मध्ये सूझी थारू व के. ललिता यांच्या इंग्रजी संकलनात आला. दोन्ही लेखनांची आज दखल घेतली जाते, परंतु मुख्यतः स्त्रीवादी वा दलित जाणिवेचे दस्तऐवज म्हणून. निबंध या प्रकाराच्या इतिहासात त्यांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. ती मिळाली तर त्या इतिहासाचा आरंभबिंदू तर बदलेलच, शिवाय निबंधाचे निकषही बदलतील. शैलीचा डौल आणि व्यक्तिमत्त्वाचा विलास यांच्याबरोबरीने पूर्वपक्षाची प्रामाणिक मांडणी, प्रमाणांची निवड आणि समान भूमीचा शोध हे निकष मानावे लागतील.

याचा संबंध वर्गातील अध्यापनाशी थेट आहे. मुक्ताच्या निबंधाच्या अखेरीस ती आपल्याच लोकांकडे वळते आणि ज्ञान हे औषध आहे, ते घ्या, असे सांगते. ईश्वर, पंडित आणि स्वजन अशा तीन श्रोत्यांना तिने तीन वेगळ्या रीतींनी संबोधले आहे. शालेय वैचारिक निबंधाला एकच श्रोता असतो, तो म्हणजे परीक्षक. आणि परीक्षकाशी विद्यार्थ्याचा कोणताही मतभेद नसतो. विद्यार्थ्याला विषय देण्याऐवजी एखादे विधान द्यावे, ते कोणाचे आहे हे सांगावे, ते प्रथम त्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत मांडायला लावावे, आणि मगच उत्तर मागावे. असे उत्तर पुष्कळदा कच्चे असेल, त्यात सुभाषित नसेल, समेटही नसेल. ते तपासताना शिक्षकाला निष्कर्षापेक्षा पायऱ्यांना गुण द्यावे लागतील, आणि स्वतःला अमान्य असलेला निष्कर्षही कित्येकदा चांगल्या गुणांस पात्र मानावा लागेल. फुले यांच्या शाळेत शिक्षकांनी असे काही केले असावे, याची साक्ष १८५५ चा तो निबंध देतो.