शेवटची पायरी आणि काठ

हायड्रोजनच्या रेणूतील बंध तोडण्यास ४३६ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, असे आपण तक्त्यावरून शिकवतो. तीन अंकांवर वर्गातले काम भागते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील तान्या झेलेविन्स्की यांच्या गटाने २०२३ साली स्ट्रॉन्शियमच्या द्विअणू रेणूसाठी दिलेला आकडा मात्र असा आहे : ३१ ८२५ १८३ २०७ ५९२.८ हर्ट्झ, आणि अनिश्चितता अवघी ५.१ हर्ट्झ!

प्रयोगाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. रेणू केल्विनच्या काही दशलक्षांशांइतके थंड करून प्रकाशाच्या जाळीत अडकवलेले असतात. त्यामुळे त्यांच्या धावपळीने वारंवारता ढळत नाही. मग दोन लेसर वापरून रेणू एका कंपनपातळीतून दुसरीत नेतात. दोन्ही लेसरांच्या वारंवारतांतील फरक म्हणजेच त्या पातळ्यांमधले अंतर.

आता 'बंधऊर्जा तेरा अंकांपर्यंत मोजली' असे सांगण्याचा मोह होईल. तो आवरावा. पायऱ्यांची विहीर डोळ्यांसमोर आणा. मोजले आहे ते तळाच्या पायरीपासून सर्वांत वरच्या पायरीपर्यंतचे अंतर. काठ त्याहून सुमारे १३६.६ मेगाहर्ट्झ वर आहे, आणि काठ ओलांडल्याशिवाय बंध तुटत नाही. बंधऊर्जेसाठी हे छोटे अंतर मिळवावे लागते, आणि त्यातील अनिश्चितता पाच हर्ट्झपेक्षा कितीतरी मोठी आहे. बेरीज तेवढीच अचूक, जेवढा तिचा कच्चा घटक. तरीही आलेली बंधऊर्जा विक्रमी अचूकतेची आहे, हे खरे.

माझा दुसरा आक्षेप अपेक्षांबद्दल आहे. अतिसूक्ष्म अंतरावर गुरुत्वाकर्षणासारखे एखादे अज्ञात बल असेल, तर ते अशा मोजमापांतून दिसेल अशी आशा आहे. पण विचलन ओळखायचे तर सिद्धांताचा आकडाही तितकाच नेमका हवा. हायड्रोजनच्या रेणूत इलेक्ट्रॉन दोनच. तिथे गणित आणि प्रयोग अंकाला अंक लावून पाहता येतात. स्ट्रॉन्शियमच्या रेणूत ते ७६ आहेत, आणि तेरा अंकांचे गणित आज शक्य नाही. वेगवेगळ्या समस्थानिकांच्या रेणूंची तुलना हा एक मार्ग उरतो. तोवर हा प्रयोग मी उत्तम घड्याळ म्हणून वाखाणीन. सिद्धांताची कसोटी म्हणणार नाही.

विद्यार्थ्यांकडून हा आकडा किलोज्यूल प्रति मोलमध्ये बदलून घ्यावा. उत्तर १२.७ च्या आसपास येईल, म्हणजे हायड्रोजनच्या सुमारे चौतिसावा भाग. इतका दुबळा बंध इतका नेमका कसा मोजला गेला, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्यावा.